तेल आणि पाण्याच्या सीमेवर पॉलिमर: निवड, मापन आणि टिकाऊ पायस बनवण्याची पद्धत

सोडियम लॉरिल सल्फेटासारखा लहान रेणूचा सर्फॅक्टंट, म्हणजे सीमेवर बसणारा पदार्थ, तेल आणि पाण्याच्या सीमेवरचा ताण क्षणार्धात खाली आणतो. त्याच्या जागी अंशतः जलविघटित पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा लांब साखळीचा पॉलिमर वापरला तर ताण तितका खाली येत नाही, आणि तासाभरानंतरही आकडा हळूहळू सरकतच असतो. केवळ हे दोन आकडे पाहिले तर पहिला पदार्थ सरस वाटेल. पण त्याच दोन पायसांत, म्हणजे इमल्शनांत, थोडे मीठ घातले किंवा ती पाण्याने शंभरपट पातळ केली, तर बहुधा पहिल्याचे थेंब एकमेकांत मिसळू लागतात आणि दुसऱ्याचे तसेच टिकतात. पॉलिमर सर्फॅक्टंटची पारख त्याने ताण किती उतरवला यावरून होत नाही. तो सीमेवर किती घट्ट आणि किती जाड बसला यावरून होते. पुढची सारी पद्धत याच एका गोष्टीभोवती आखलेली आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि खाद्यपदार्थ, रंग, सौंदर्यप्रसाधने किंवा कीडनाशके यांच्या मिश्रणांवर काम करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

सीमेवर नेमके काय घडते

लहान सर्फॅक्टंटला एक जलस्नेही डोके आणि एक जलविरागी शेपूट असते. तो सीमेवर येतो, काही काळ थांबतो आणि परत पाण्यात जातो. ही ये-जा सतत चालू असते. पॉलिमरच्या साखळीत मात्र शेकडो घटक असतात आणि त्यांतले काही तेलाकडे ओढले जातात, तर काही पाण्यातच राहू पाहतात. परिणामी साखळीचे काही तुकडे सीमेवर आडवे पडतात, त्यांच्या मधले भाग कमानीसारखे पाण्यात उठतात आणि दोन्ही टोके शेपटांसारखी दूरवर लोंबतात. एकेका घटकाची पकड अगदी किरकोळ असते, पण साखळी सुटायची तर सगळ्या पकडी एकाच वेळी सुटाव्या लागतात. भिंतीवर चढलेल्या वेलीचे एखादे मूळ निघाले तरी वेल खाली येत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच पायस पाण्याने पातळ केले तरी पॉलिमर थेंबावरून सहसा उतरत नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. थेंबांना एकमेकांकडे ओढणारे व्हॅन डर वाल्स बल अंतर वाढले की झपाट्याने क्षीण होते. लहान सर्फॅक्टंटचा थर एक-दोन नॅनोमीटरचा असतो. पॉलिमरच्या कमानी आणि शेपटे पाच ते वीस नॅनोमीटर किंवा त्याहूनही दूर पोचतात. दोन थेंब जवळ आले की त्यांच्या साखळ्या एकमेकींत दाटतात, तिथले पाणी कमी पडते, बाहेरचे पाणी आत शिरते आणि थेंब दूर ढकलले जातात. या संरक्षणाला विद्युत्भाराची गरज नसल्यामुळे मीठ किंवा बोअरवेलचे कठीण पाणी त्याला सहज धक्का लावत नाही. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या टाकीत मिश्रण कोणत्या पाण्यात पडणार हे बनवणाऱ्याच्या हातात नसते, आणि तिथे या गुणाचे मोल फार मोठे आहे.

पायरी १: पॉलिमरची निवड

चांगल्या पॉलिमर सर्फॅक्टंटमध्ये नांगरासारखा रुतणारा भाग आणि पाण्यात मोकळा पसरणारा भाग, असे दोन्ही हवेत. नांगर कमजोर असेल तर रेणू सीमेवर येतच नाही. पसरणारा भाग तोकडा असेल तर येतो, पण राखण करत नाही.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा ८७ ते ८९ टक्के जलविघटन झालेला प्रकार घ्यावा. उरलेले अकरा ते तेरा टक्के ॲसिटेट गट हेच त्याचे नांगर असतात. ९८ टक्क्यांहून अधिक जलविघटित प्रकारात नांगर जवळपास उरत नाहीत, त्यामुळे तो चिकटवण्यासाठी चांगला असला तरी पायसासाठी दुबळा ठरतो. पिशवीवर केवळ ‘पीव्हीए’ लिहिलेले असेल तर पुरवठादाराकडून जलविघटनाचा टक्का आणि चार टक्के द्रावणाची श्यानता लेखी मागून घ्यावी. या दोन आकड्यांवाचून खरेदी करू नये.

पोलोक्झामर या कुळात मधे पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचा नांगर आणि दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या पाण्यात पसरणाऱ्या साखळ्या असतात. त्याच्या क्रमांकातच रचना दडलेली असते: पोलोक्झामर ४०७ मधल्या ४० ला शंभराने गुणले की नांगराचा रेणुभार सुमारे ४,००० मिळतो, आणि शेवटच्या ७ ला दहाने गुणले की जलस्नेही भाग सुमारे ७० टक्के असल्याचे कळते.

डिंकाबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आंतरराष्ट्रीय बाजारातला अरबी डिंक मुख्यतः सुदानपासून सेनेगलपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातल्या अकेशिया सेनेगल या झाडापासून मिळतो. त्यात प्रथिने साधारण दोन टक्केच असतात, आणि शर्करासाखळ्यांना प्रथिन जोडलेला जो अंश तेलाला खरोखर धरतो, तो एकूण डिंकाच्या सुमारे दहा टक्के असतो. त्यामुळे शीतपेयांच्या सुगंधी पायसात १२.५ टक्के तेलासाठी २० टक्क्यांच्या आसपास डिंक घालावा लागतो. धावड्याचा डिंक, ज्याला व्यापारात घट्टी डिंक म्हणतात, तो आपल्या जंगलांतून येतो. बऱ्याच कामांत तो अरबी डिंकापेक्षा कमी मात्रेत पुरतो, पण तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही आणि तळाशी फुगलेला गाळ ठेवतो. लाडवांसाठी किराणा दुकानात मिळणारा डिंक धावड्याचा, बाभळीचा की मिश्र, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून प्रयोगासाठी झाडाचे नाव नोंदवलेलाच माल घ्यावा.

पॉलिमर कोणत्या द्रवात विरघळतो याकडेही लक्ष हवे. विल्डर बॅनक्रॉफ्ट यांनी १९१३ मध्ये मांडलेला नियम सांगतो की पायसकारक ज्या द्रवात अधिक विरघळतो, तो द्रव बाहेरचा राहतो. विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये आणलेला एचएलबी, म्हणजे जलस्नेही आणि तेलस्नेही भागांचा समतोल दाखवणारा आकडा, लहान सर्फॅक्टंटसाठी उपयोगी आहे. पॉलिमरसाठी मात्र माझा त्यावर फारसा विश्वास नाही, कारण त्यातून साखळीची लांबी किंवा नांगरांची मांडणी यांपैकी काहीच कळत नाही.

पायरी २: द्रावण नीट बनवणे

इथे घाई केली तर पुढची सगळी मापने वाया जातात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल थंड पाण्यात, ढवळत असताना, चिमटीचिमटीने भुरभुरावे, दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावे आणि मग झाकण ठेवून ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहावे. ते थेट गरम पाण्यात टाकले तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, आणि त्या दिवसभर विरघळत नाहीत. पोलोक्झामर ४०७ चे नेमके उलट आहे: ते ४ ते ८ अंशांच्या थंड पाण्यात घालून रात्रभर शीतकपाटात ठेवावे. त्याचे वीस टक्क्यांच्या आसपासचे द्रावण थंडीत पातळ असते आणि खोलीच्या तापमानाला जेलीसारखे थिजते. हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिल सेल्युलोजची तिसरीच तऱ्हा आहे; ते आधी गरम पाण्यात पसरवावे आणि विरघळण्यासाठी थंड करावे. अरबी डिंक कोमट पाण्यात रात्रभर मुरू द्यावा. तो फार वेळ उकळला तर तेल धरणारा प्रथिनांश बिघडतो.

द्रावण गार झाल्यावर उडून गेलेले पाणी वजन करून भरून काढावे, गाळून घ्यावे आणि तारीख लिहून ठेवावी. डिंकाच्या द्रावणात दोन-तीन दिवसांत जिवाणू वाढतात, म्हणून ते ताजेच वापरणे बरे.

पायरी ३: तेल स्वच्छ करणे

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि मी पाहिलेल्या चुकीच्या आलेखांपैकी अनेकांचे मूळ इथेच होते. बाजारातल्या खाद्यतेलात मुक्त मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइडे असतात. तीही सर्फॅक्टंटच आहेत आणि तीही हळूहळू सीमेवर जमतात. त्यामुळे पाण्यात पॉलिमर नसतानाही ताण खाली सरकत राहतो, आणि पाहणारा ते श्रेय पॉलिमरला देऊन मोकळा होतो.

तेलात वजनाच्या पाच ते दहा टक्के सक्रिय मॅग्नेशियम सिलिकेट घालून काही तास ढवळावे, मग अपकेंद्रणाने आणि गाळून ते वेगळे करावे. गरज पडली तर पुन्हा तसेच करावे. त्यानंतर कोरी चाचणी घ्यावी: शुद्ध केलेले तेल आणि नुसते शुद्ध पाणी यांच्यातला ताण एक तास मोजावा. शुद्ध वनस्पती तेलासाठी तो मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन असतो आणि डोडेकेनसाठी ५२ च्या जवळपास. आकडा तासभर स्थिर राहिला तरच पुढे जावे. काचेची भांडी साबणाने धुतल्यावर गरम पाण्याने आणि शेवटी शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळावीत, कारण साबणाचा अंशही हा आकडा बिघडवायला पुरेसा असतो.

पायरी ४: ताण मोजणे

पॉलिमरसाठी लोंबत्या थेंबाची पद्धत सर्वांत योग्य आहे, कारण एकच थेंब तासन्‌तास न हलवता पाहता येतो. तेल पाण्याहून हलके असल्याने टोक वर वळवलेली सुई द्रावणाने भरलेल्या पारदर्शक चौकोनी काचपात्रात बुडवावी आणि तिच्या टोकावर तेलाचा थेंब फुगवावा. मागून एकसारखा प्रकाश द्यावा, पुढून कॅमेरा लावावा आणि सुईच्या मोजलेल्या बाहेरील व्यासावरून चित्राचे मापन ठरवावे. थेंबाच्या आकारावरून ताण काढणारे ‘ओपनड्रॉप’सारखे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.

तीन गोष्टींची काळजी घ्यावी. थेंब सुईवरून सुटण्याच्या बेतात येईल इतका मोठा ठेवावा. लहान थेंब जवळजवळ गोल असतो आणि गोल आकारातून ताणाचा हिशेब निघत नाही. तेल आणि द्रावण यांची घनता त्याच तापमानाला मोजावी, कारण घनतेतल्या फरकातली चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते: सूर्यफूल तेल आणि पाणी यांच्यात मिलिलिटरला सुमारे ०.०८ ग्रॅमचा फरक असतो, आणि तिथे ०.००४ ची चूक झाली तरी ताण पाच टक्क्यांनी चुकतो. आणि टेबलाला कंप नसावा. पंखा, पंप आणि शेजारचे अपकेंद्रण यंत्र मापनाच्या काळात बंद ठेवावे.

महाविद्यालयात थेंब मोजण्याची जुनी पद्धत असते. ती लहान सर्फॅक्टंटसाठी ठीक आहे. पॉलिमरसाठी मात्र थेंबाचे वय फार महत्त्वाचे ठरते: दोन सेकंदांत सुटणारा थेंब आणि पाच मिनिटांत सुटणारा थेंब एकाच द्रावणाचे दोन वेगवेगळे ताण दाखवतात. ती वापरायचीच असेल तर प्रत्येक थेंबाला किती वेळ लागला तेही आकड्याशेजारी लिहावे.

पायरी ५: आलेख वाचणे

वेळ लघुगणकी अक्षावर आणि ताण साध्या अक्षावर घेतला की सहसा तीन टप्पे दिसतात. आधी काही काळ ताण हलतच नाही, मग तो वेगाने उतरतो आणि शेवटी तासन्‌तास रेंगाळत उतरत राहतो. पहिल्या टप्प्यात रेणू येत असतात, पण सीमा अजून विरळ असते. वॉर्ड आणि तोर्दाई यांनी १९४६ मध्ये दिलेल्या समीकरणावरून या येण्याचा वेळ काढता येतो. द्रावणात लिटरला ०.१ ग्रॅम पॉलिमर असेल, विसरण गुणांक (रेणू पाण्यात किती वेगाने पसरतो याचे माप) ५ गुणिले १० चा उणे ११ वा घात इतके चौरस मीटर प्रति सेकंद असेल, आणि प्रत्येक चौरस मीटरवर २ मिलिग्रॅम पॉलिमर जमायचे असेल, तर स्थिर पाण्यात सुमारे ६ सेकंद लागतात. द्रावण दहापट पातळ केले की तोच वेळ शंभरपट होतो, म्हणजे दहा मिनिटांहून अधिक.

शेवटचा रेंगाळणारा टप्पा म्हणजे मापनातली चूक नव्हे. आलेल्या साखळ्या तिथे उलगडतात, जागा बदलतात आणि नांगर आणखी खोल रोवतात. म्हणूनच तीसाव्या सेकंदाचा आकडा लिहून पॉलिमर नापास करू नये. किमान एक तास, शक्यतो तीन तास मापन चालू ठेवावे.

यानंतर दोन साध्या चाचण्या घ्याव्यात, ज्यांतून ताणाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. काचपात्रातले द्रावण थेंब न हलवता हळूहळू शुद्ध पाण्याने बदलावे. लहान सर्फॅक्टंट असेल तर ताण पुन्हा वर चढतो. पॉलिमर घट्ट बसला असेल तर तो जवळपास तिथेच राहतो. मग थेंबातले तेल सुईतून सावकाश परत ओढावे. थेंब लहान होताना त्याच्या मानेजवळ सुरकुत्या पडल्या, तर सीमेवर खरोखर लवचीक कातडे तयार झाले आहे. या क्षणी मात्र ताणाचा आकडा मानू नये, कारण हिशेबाचे समीकरण कातड्यासाठी लिहिलेले नाही.

पायरी ६: मात्रा ठरवणे

‘दोन टक्के घाला’ अशा तोंडी पाककृतीवर अवलंबून राहू नये. हिशेब सोपा आहे. थेंबांचे एकूण क्षेत्रफळ म्हणजे तेलाच्या आकारमानाची सहापट भागिले थेंबाचा व्यास. १०० मिलिलिटर पायसात १० मिलिलिटर तेल १ मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत मोडायचे असेल, तर क्षेत्रफळ ६० चौरस मीटर होते. चौरस मीटरला २ मिलिग्रॅम धरले तर १२० मिलिग्रॅम पॉलिमर सीमेवर लागेल. व्यास ०.२ मायक्रोमीटर हवा असेल तर तेच ६०० मिलिग्रॅम होतात. बहुतेक पॉलिमर चौरस मीटरला १ ते ५ मिलिग्रॅम या पट्ट्यात बसतात. सगळा पॉलिमर सीमेवर जात नसल्याने पहिल्या प्रयोगात हिशेबाच्या दुप्पट ते तिप्पट घ्यावा.

आपल्या पॉलिमरचा खरा आकडा मोजताही येतो. तयार पायस अपकेंद्रित करून खालचे पाणी काढावे आणि त्यात किती पॉलिमर उरला ते पाहावे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल बोरिक आम्ल आणि आयोडीन यांच्यासोबत निळसर हिरवा रंग देते, आणि ज्ञात द्रावणांशी त्या रंगाची तुलना वर्णमापकावर करता येते. घातलेल्यातून उरलेला वजा केला की सीमेवरचा मिळतो.

मात्रा कमी पडली तर एकच साखळी दोन थेंबांना धरून बसते आणि गुच्छ होतात. फार जास्त झाली तर वेगळेच संकट येते: दोन थेंबांमधल्या फटीत मोकळ्या साखळ्या मावत नाहीत, बाहेरून मात्र त्यांचा दाब असतो, आणि थेंब एकमेकांकडे ढकलले जातात. असाकुरा आणि ओसावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये हे स्पष्ट केले. पॉलिमर वाढवूनही पायस लवकर फुटत असेल, तर आणखी वाढवण्याऐवजी तो निम्मा करून पाहावा.

पायरी ७: पायस बनवणे

पॉलिमर आधी पाण्यात पूर्ण विरघळलेला असावा. तेल बारीक धारेने घालत वेगवान मिश्रकाने जाडसर पायस बनवावे आणि मग उच्चदाब होमोजिनायझरमधून ते तीन ते पाच वेळा काढावे. १ मायक्रोमीटरच्या थेंबात ताण मीटरला १० मिलिन्यूटन असेल तर आतला जादा दाब सुमारे ४०,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चाळीस टक्के असतो. तितका जोर लावल्याशिवाय थेंब मोडत नाही. ताण कमी न करणाऱ्या पॉलिमरला यंत्र अधिक जोरकस लागते ते यामुळेच. एका फेरीत नवे थेंब मिलिसेकंदांत एकमेकांवर आदळतात, आणि मोठे रेणू तेवढ्यात सगळी सीमा झाकू शकत नाहीत. म्हणून फेऱ्यांमध्ये थोडा वेळ द्यावा आणि तापमान वाढू देऊ नये.

पायरी ८: तपासणी

पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा आकारमापकावर थेंब पाहावेत. वर साय धरली म्हणजे पायस फुटले असे नव्हे. साध्या पाण्यात सूर्यफूल तेलाचा १ मायक्रोमीटरचा थेंब दिवसाला सुमारे ४ मिलिमीटर वर चढतो आणि १० मायक्रोमीटरचा सुमारे ३८ सेंटिमीटर. हा केवळ आकाराचा परिणाम आहे. बाटली हलवून साय परत मिसळली आणि थेंबांचा आकार तोच असेल, तर सीमा शाबूत आहे. गुच्छ दिसले तर नमुन्याच्या काही थेंबांत एक टक्का सोडियम लॉरिल सल्फेट मिसळून पुन्हा पाहावे: गुच्छ सुटून मूळचे लहान थेंब दिसले तर ते फक्त चिकटले होते, मोठे थेंब तसेच राहिले तर ते एकमेकांत विलीन झालेले आहेत.

उष्णतेची चाचणी टाळू नये. पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि सेल्युलोज ईथर यांच्या साखळ्या तापमान वाढले की पाण्याशी फटकून वागतात आणि आखडतात. मीठ असेल तर हे आणखी लवकर होते. उत्पादनात जेवढे मीठ असेल तेवढे घालून पॉलिमरचे स्वच्छ द्रावण तापवावे आणि ते कोणत्या अंशाला गढूळ होते ते नोंदवावे. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त तापते. गढूळपणा साठ अंशांच्या आत आला तर त्या मालासाठी दुसरा पॉलिमर शोधावा.

पायरी ९: लहान सर्फॅक्टंट सोबत घ्यायचा असेल तर

ताण लवकर उतरवण्यासाठी लहान सर्फॅक्टंट आणि टिकवण्यासाठी पॉलिमर अशी जोडी आकर्षक वाटते आणि काही वेळा जमतेही. पण लहान रेणू पुरेसे जास्त झाले तर सीमेवरच्या फटी भरत पॉलिमरला हळूहळू हुसकावतात. शिवाय सोडियम लॉरिल सल्फेट पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या साखळीला लिटरला ४ ते ५ मिलिमोलपासूनच चिकटू लागते, तर एकट्याने मिसेल, म्हणजे स्वतःच्या रेणूंचे गुच्छ, बनवायला त्याला ८.२ मिलिमोल लागतात. अशा वेळी ताणाचे आलेख दोन्ही पदार्थांच्या स्वतंत्र आलेखांसारखे दिसत नाहीत. म्हणून आधी फक्त पॉलिमरने पायस बनवावे, ते रात्रभर ठेवावे, मग लहान सर्फॅक्टंट ०.०५, ०.१, ०.२ टक्के असा वेगवेगळ्या बाटल्यांत घालावा आणि एक बाटली त्याच्याविना ठेवावी. दहाव्या दिवशी सगळ्या बाटल्यांतले थेंब मोजावेत आणि खालच्या पाण्यातला पॉलिमर आयोडीनच्या रंगाने तपासावा. ज्या मात्रेपासून पाण्यातला पॉलिमर वाढू लागला, त्याच्या बरीच खाली आपली मर्यादा ठरवावी.